बँक शेअरच्या 'प्रीमियम' ग्रुपमध्ये तीन महिने : 2,499 रुपयांचा जमाखर्च

2025 ची दिवाळी झाली आणि बँकांच्या शेअरच्या टिप्स विकणाऱ्या त्या टेलिग्राम ग्रुपची जाहिरात परत फोनवर यायला लागली. फी आता 2,999 झालीय आणि 'फक्त 7 जागा शिल्लक' आहेत. जानेवारीत मी शिरलो तेव्हाही सातच शिल्लक होत्या. यार्डातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "दिवाणजी, तुम्ही होता न्हवं त्यात? घ्यायचं का?" प्रत्येकाला चहा पाजून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ग्रुपचं नाव देत नाही. देऊन उपयोगही नाही, असले ग्रुप दर सहा महिन्यांनी पाटी बदलतात.

पाचपैकी दोन तारे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी आहे. शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई कापायची, संध्याकाळी रोजमेळ जुळवायचा, हे काम. शेअर 2017 पासून घेतो, तेही थोडे थोडे, आणि बहुतेक बँकांचेच. भाच्यानं हा ग्रुप दाखवला. "मामा, फक्त बँकांचे शेअर. तुमच्याचसाठी काढलाय बघा." यूपीआयवर पैसे टाकले, तीन महिन्यांची पावती म्हणून एक हिरवी बरोबरची खूण आली, झालं.

पैशांत दोन वस्तू मिळतात. एक चॅनेल, त्यात फक्त ॲडमिन बोलणार: अमुक बँक अमुक भावाला घ्या, टार्गेट इतकं (तिथं पोचला की नफ्यात विका), स्टॉपलॉस इतका (तिथवर पडला की तोटा खाऊन विका). दुसरा चर्चेचा ग्रुप, त्यात सगळे बोलणार. ॲडमिनला सगळे 'सर' म्हणतात. सर कोण, कुठले, तीन महिन्यांत कळलं नाही. आवाजावरून तिशीच्या आतले वाटतात. सकाळी नऊला 'गुड मॉर्निंग फॅमिली' म्हणून व्हॉइस मेसेज येतो, मागे मिक्सर चालू असतो.

आता माझी वेळच चुकीची होती, हे आधी कबूल करतो. फेब्रुवारी-मार्च म्हणजे नव्या हळदीची आवक. राजापुरीच्या राशी पडलेल्या असतात, सौदे चालू असतात, मालक हाक मारतात, शेतकरी पट्टीसाठी उभा असतो, आणि खिशात फोन थरथरतो. हात पुसून काढेपर्यंत पाच मिनिटं जातात. माझ्या फोनच्या काचेवर त्या दोन महिन्यांत कायम पिवळा थर होता. '9:22 ला बाय' आलेला मेसेज मी 9:40 ला वाचायचो, तोवर भाव पुढे गेलेला. तरी घेतलं तर आपण टार्गेटवरच घेतोय अशी गत. म्हणजे ज्याला दिवसभर फोनकडे बघत बसता येतं, त्याच्यासाठीच ही चीज आहे, आणि दिवसभर फोनकडे बघत बसता येणाऱ्याला 2,499 परवडतात का, हा वेगळा प्रश्न.

मला खोड आहे लिहून ठेवायची. लाल कापडी पाठीची एक जुनी वही होती, अर्धी कोरी. त्यात रोज तारीख, वेळ, बँक, घ्यायचा भाव, टार्गेट, स्टॉपलॉस असं उतरवत गेलो. पहिल्या पंधरवड्यातच एक मजा दिसली. एका खासगी बँकेचा स्टॉपलॉस सकाळी 12 रुपये खाली दिला होता. वहीत काळ्या बॉलपेननं 12 लिहिलंय. दुपारी भाव 14 रुपये पडला. संध्याकाळी तपासायला चॅनेल उघडलं, तर तिथं 20. मेसेज तोच, वेळ तीच, खाली बारीक अक्षरात 'एडिटेड'. टेलिग्रामच्या चॅनेलवर ॲडमिनला जुना मेसेज कधीही खोडून दुरुस्त करता येतो. आमच्याकडे रोजमेळात खाडाखोड केली तर बाजूला सही करावी लागते, नाहीतर ऑडिटवाला पान फाडायच्या बेतानं बघतो. मी चर्चेत वहीचा फोटो टाकला. उत्तर आलं, "सर, ट्रेल केला होता. शिकायला या, चुका काढायला नको." ट्रेल म्हणजे भावाबरोबर स्टॉपलॉस सरकवणं. खाली बारा जणांचे नमस्कार.

तीन महिन्यांत चॅनेलवर 58 कॉल, म्हणजे 'अमुक शेअर घ्या' असे मेसेज, आले. त्यांच्या हिशोबानं 49 'टार्गेट डन'. माझ्या वहीप्रमाणे 26 टार्गेटला पोचले, 21 स्टॉपलॉसला गेले आणि 11 बेवारस, म्हणजे त्यांचं पुढं काय झालं ते कुणी बोललंच नाही. 26 पैकी बहुतेकांत शेअरमागे सहा-सात रुपये सुटले, आणि जे 21 गेले त्यांत बारा-तेरा. अर्ध्याच्या आसपास बरोबर येऊनसुद्धा तोटा कसा होतो ते कुणाला समजून घ्यायचं असेल तर वही दुकानात आहे, येऊन बघा. मी 58 पैकी नऊच घेतले होते. त्यात 6,140 गेले. फी धरून 8,639.

बँक निफ्टीच्या, म्हणजे बड्या बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाच्या, ऑप्शनचे कॉल वेगळे, त्याची फी वेगळी. त्या वाटेला गेलो नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये स्वतःच छापलंय की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनचे, म्हणजे वायद्यांचे, सौदे करणाऱ्या दर शंभर किरकोळ लोकांतले 93 तोट्यात गेले. हळदीच्या वायद्यात भली भली माणसं उठलेली यार्डात बघितलीत, मला आकड्याची गरज नव्हती.

जानेवारीच्या शेवटी एक गंमत झाली. सेबीचं परिपत्रक आलं, 29 जानेवारीचं. शिक्षण देतो म्हणणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरचं नाव घ्यायचं नाही, असा त्याचा मतलब. आमच्या सरांचं सगळं 'फक्त शिक्षणासाठी'च होतं. मग त्यांनी बँकांना टोपणनावं दिली. थोरली, धाकटी, जाऊबाई, दक्षिणेकडची पाहुणी. एके सकाळी मेसेज: 'थोरली घ्या, आज माहेरी जाणार.' तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी ग्रुपमध्ये होते. त्यांनी थोरली म्हणजे देशातली सगळ्यात मोठी सरकारी बँक धरली आणि चांगले दोनशे शेअर उचलले. सरांची थोरली खासगी निघाली. सरकारी थोरली त्या दिवशी वर गेली, खासगी जागेवरच बसली. तासगावकरांनी सरांना पेढ्याचा फोटो पाठवला. 58 कॉलमधला हा एकच सगळ्यांच्या लक्षात राहिला असेल.

चर्चेच्या ग्रुपकडे येतो, कारण सांगण्यासारखं तिथंच आहे.

त्या ग्रुपमध्ये जगात काहीही घडलं की त्याचा बँकेच्या भावाशी संबंध लागतो. दिल्लीची निवडणूक, बजेटमधली बारा लाखांची सूट, ट्रम्पसाहेबांचा टॅरिफ, अगदी कुंभमेळ्याची गर्दी. 'कुंभमुळे यूपीआय वाढणार, बँका उडणार.' पावसाळ्यात सांगलीत राहिलेल्या माणसाला हे नवीन नाही. ऑगस्टमध्ये आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक कोयनातज्ज्ञ आणि एक अलमट्टीतज्ज्ञ असतो. इतके क्युसेक सोडले, रात्रीत इतकं चढणार, आणि खाली 2019 च्या महापुराचाच व्हिडिओ. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ जाऊन पट्टीवर पाणी किती फूट दिसतंय ते बघून येणारा मात्र शंभरात एक.

ग्रुपमध्ये तो एक म्हणजे मिरजेचे काका. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. दिवसाला एकच मेसेज टाकायचे, लांबलचक, शुद्ध मराठीत, स्वल्पविरामासकट. 7 फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वासहा केला. जवळजवळ पाच वर्षांतली पहिली कपात. ग्रुपमध्ये फटाके फुटले, सरांनी तीन बँका एकदम दिल्या. बँक निफ्टी त्या दिवशी उलट खालीच बंद झाला. सगळे 'ऑपरेटर, ऑपरेटर' करत होते, म्हणजे कुणीतरी बड्यानं मुद्दाम भाव पाडला. काकांनी लिहिलं की ऑपरेटर कशाला, आपल्या घरचंच बघा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन घरकर्जाचा बदलता दर बाहेरच्या मापाला बांधावा लागतो, बहुतेकांचा रेपोलाच बांधलाय. रेपो उतरला की तो हप्ता लवकर उतरणार. पण ज्यानं गेल्या वर्षी तीन वर्षांची ठेव सव्वासात टक्क्यांनी ठेवलीय, त्याला बँक तीन वर्षं सव्वासातच देणार. येणं आधी कमी झालं, देणं नंतर कमी होणार. मधले काही महिने बँकेच्या मार्जिनला, म्हणजे येणाऱ्या नि देण्याच्या व्याजातल्या फरकाला, ओढ बसते.

हे वाचलं आणि मी वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षं उधारी आणि व्याज बघतोय, पण रेपो म्हणजे टीव्हीवरचा आकडा याच्या पलीकडे माझं ज्ञान नव्हतं. एक तारा काकांचा.

मग 10 मार्च, सोमवार. बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी इंडसइंड बँकेनं शेअर बाजाराला कळवलं की डेरिव्हेटिव्हच्या (वायद्यांसारख्या सौद्यांच्या) हिशोबात तफावत सापडलीय, आणि तिचा फटका डिसेंबर 2024 च्या नेटवर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) साधारण 2.35 टक्के असेल. हे मूळ पत्र ग्रुपमध्ये काही मिनिटांत आलं, बातम्यांच्या वाहिन्यांच्या आधी. दुसरा तारा त्याचा. कागद लवकर मिळतो, हे मान्य करायला हवं.

पण कागदानंतर जे झालं! रात्री अकरापर्यंत सातशेच्या वर मेसेज. अर्धे म्हणत होते की 2.35 टक्के म्हणजे काहीच नाही, उद्या उघडल्या उघडल्या उचला. अर्धे म्हणत होते बँक गेली. विट्याच्या एक बाई सारख्या विचारत होत्या, माझी ठेव मोडू का? त्यांना कुणी उत्तर देईना, कारण ठेवीत कुणालाच टार्गेट नव्हतं. शेवटी काका आले. बाईंना आधी उत्तर दिलं: पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, 2020 च्या फेब्रुवारीपासून तो एक लाखावरून पाच लाख झालाय, घाईनं मोडू नका. मग बाकीच्यांसाठी एकच वाक्य. "आकडा लहान आहे, पण इतका काळ तो दिसला नाही, ही गोष्ट लहान नाही."

मी फोन ठेवून दिला आणि थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या दुकानात माझ्या उमेदवारीच्या काळात थोरले मालक होते. रोजमेळात अकरा रुपयांचा फरक आला म्हणून त्यांनी मला रात्री साडेदहापर्यंत थांबवून घेतलं होतं. मी म्हणालो, "मी माझ्या खिशातले अकरा घालतो, जाऊ द्या." ते म्हणाले, "अकरा रुपये तुझ्या खिशात आहेत रे. पण अकरा हजार इकडं नि दहा हजार नऊशे एकोणनव्वद तिकडं असं चुकलं असंल, तर ते कुणाच्या खिशात आहेत?" सापडला तेव्हा खरंच दोन चुका एकमेकींना खाऊन उरलेला फरक निघाला. अकरा रुपयांचा नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी तो शेअर 27 टक्के पडला, नऊशेच्या आसपासचा साडेसहाशेवर. सरांनी दहा वाजता 'खालच्या भावात सोनं' म्हणून कॉल दिला. आता प्रामाणिकपणे लिहायचं तर भाव नंतरच्या आठवड्यांत सावरला, ज्यांनी थांबून धरले त्यांना पैसे सुटले. 15 मार्चला रिझर्व्ह बँकेनं बँकेचं भांडवल पुरेसं आहे, ठेवीदारांनी अफवांवर जाऊ नये असं जाहीर केलं. 29 एप्रिलला बँकेचे प्रमुख सुमंत कठपालिया यांनी राजीनामा दिला. सर आजही तो कॉल जाहिरातीत दाखवतात. पण का घ्यायचा हे विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, "आरबीआय बँक बुडू देत नसते."

या वाक्यावर माझं त्यांच्याशी वाजलं. कारण हे वाक्य मी घरात ऐकलंय.

वडिलांकडे सांगली बँकेचे 185 शेअर होते. 1916 सालची आमच्या गावची बँक. यार्डातल्या निम्म्या लोकांची खाती तिथं. 2006 च्या डिसेंबरात बातमी फुटली की बँक आयसीआयसीआयमध्ये जाणार, तेव्हा हरभट रोडवर चहाच्या टपरीवर जे चाललं होतं ते आणि आजचा ग्रुप यात फोन सोडला तर फरक नाही. कुणी म्हणे कागद झाले, कुणी म्हणे दुप्पट मिळणार. 2007 च्या एप्रिलमध्ये विलीनीकरण झालं: सांगली बँकेच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100. वडिलांच्या 185 ला बरोबर 20. अपूर्णांक उरला नाही याचाच त्यांना जास्त आनंद. मग ते कागद ट्रंकेत गेले आणि वडील विसरले. 2014 मध्ये एकाचे पाच झाले, 2017 मध्ये दहाला एक बोनस आला. म्हणजे 110. 2025 च्या दिवाळीतल्या भावानं दीड लाखाच्या आसपास. मी बँकांचे शेअर का घेतो, ते यावरून ओळखा.

पण सांगली बँकेची ती बातमी फुटायच्या जेमतेम तीन महिने आधी, 2 सप्टेंबर 2006 ला, शेजारी साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले होते. तीही जुनी, तीही गावाच्या अभिमानाची. महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. ठेवीदार सुटले. शेअरवाल्यांना शेअरमागे 28 रुपये रोख. माझ्या बहिणीचे सासरे साताऱ्याचे, ते त्या 28 रुपयांबद्दल शेवटपर्यंत बोलायचे. पुढं 2020 च्या मार्चमध्ये येस बँकेचं पुनर्रचनेचं प्रकरण: स्टेट बँकेनं दहा रुपयांनी शेअर घेतले, आणि ज्यांच्याकडे शंभरावर जुने शेअर होते त्यांचे 75 टक्के तीन वर्षं कुलपात. त्याच नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये गेली. ठेवी सुरक्षित, शेअरची किंमत शून्य. अठ्ठावीस रुपये नाहीत, अपूर्णांक नाही, शून्य.

म्हणजे बँक बुडू देत नाहीत हे बरंचसं खरं. फक्त त्या वाक्यातली बँक म्हणजे ठेवीदाराची बँक. शेअरवाला मालक. दुकान वाचवताना मालकाला विचारत नाहीत. मी हे सगळं ग्रुपमध्ये लिहिलं, साधारण इतकंच लांब. सरांनी अंगठा दिला आणि खाली त्या दिवसाच्या 'जाऊबाई'चा कॉल टाकला.

7 एप्रिलला ग्रुपची खरी परीक्षा होती. टॅरिफमुळे जगभर पडझड, आपला सेन्सेक्स एका दिवसात 2,226 नं खाली. सकाळी 9:16 ला चर्चेचा ग्रुप बंद. 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.' ॲडमिन मात्र कुठं? दुपारी दोनला एक ओळ, 'सर्व्हर इश्यू, फॅमिली.' ज्या दिवशी माणसाला कुणाशीतरी बोलावंसं वाटतं, नेमकं त्याच दिवशी दार लावलं. तीन महिने रोज नको तेवढं बोलणारा हा ग्रुप. माझा सगळ्यात मोठा राग त्या दिवसाचा आहे, तोट्याचा नाही.

मी सरांना सेबीचा नोंदणी क्रमांक मागितला. शेअरचा सल्ला विकणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक 'आयएनएच'नं सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतो. ही माहिती काकांचीच. उत्तर आलं, "विश्वास नसेल तर सोडा, रिफंड मिळणार नाही." मी रिफंड मागितलाच नव्हता. पैसे कुणाच्या खात्यात गेले होते ते तेव्हा बघितलं: एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव. ऑक्टोबर 2025 पासून सेबीनं नोंदणी असलेल्यांसाठी 'व्हॅलिड' शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते आणलेत. 2,999 भरायचेच असतील तर निदान तेवढं बघून भरा.

काकांनीही तोच क्रमांक मागितला, फक्त चारचौघांत. त्यांना काढून टाकलं. त्या संध्याकाळनंतर मी ग्रुप उघडलाच नाही, मुदत संपायला आठ दिवस होते तरी.

मे महिन्यात काका हळद घ्यायला यार्डात आले, घरच्यासाठी पाच किलो. नाव सांगितल्यावर मी उठून उभा राहिलो. चहा मागवला. बोलता बोलता विचारलं, "काका, तुमच्याकडे कुठल्या बँकेचे आहेत?"

"कसले?"

"शेअर."

"एकही नाही हो दिवाणजी," ते म्हणाले, "मी तेहतीस वर्षं बँकेत होतो." आणि हळदीची चिमूट तळहातावर घेऊन घासून बघायला लागले.